पोटमाळ्यावर कोण झोपतो?

भंडारा, तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या बाजारातल्या एखाद्या जुन्या दुकानात शिरा आणि मान वर करून बघा. बऱ्याच ठिकाणी डोक्यावर आणखी एक तक्तपोशी दिसेल. लोखंडी गर्डर, त्यावर फळ्या किंवा जाड पत्रा आणि कोपऱ्यात भिंतीला टेकलेली उभी शिडी. कापडाच्या दुकानात तिथे ठाण रचलेले असतात. टेलरच्या दुकानात दोन मशीन आणि एक इस्त्री असते. बेकरीत मैद्याची पोती, भांड्यांच्या दुकानात पितळेचे गंज आणि परातींची थप्पी. याला आपण पोटमाळा म्हणतो. शब्द अगदी नेमका आहे. माळा घराच्या डोक्यावर असतो, पोटमाळा घराच्या पोटात.

दिवसा पोटमाळ्यावर काय आहे ते गिऱ्हाईकालाही दिसते. रात्री शटर पडल्यावर तिथे कोण आहे, हे बाजारात मोजक्यांनाच ठाऊक असते. या लेखाचा विषय तो माणूस आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, पोटमाळा बांधणे चूक नाही, गरीब दुकानदारासाठी ते शहाणपणाचेच काम आहे. पण तो नीट बांधला पाहिजे, आणि कोणत्याही परिस्थितीत त्यावर बंद शटरच्या आड माणूस झोपता कामा नये. ही गोष्ट थांबवायला नवा कायदा लागत नाही. दुकानाचा मालक, गाळ्याचा मालक आणि जमात यांनी ठरवले तर ती याच महिन्यात थांबू शकते.

जागा कमी, माणसे जास्त

पोटमाळा का निघाला, हे आधी समजून घेतले पाहिजे, नाहीतर दुकानदाराला नुसते दोष देणे होईल. छोट्या शहरातला गाळा म्हणजे दहा बाय बारा, फार तर दहा बाय पंधरा फूट. चालत्या चौकात दुसरा गाळा मिळत नाही, मिळाला तर त्याचे डिपॉझिट परवडत नाही. माल ठेवायला वेगळे गोडाऊन घेतले की त्याचे भाडे, हमाली आणि चोरीची काळजी मागे लागते. तेव्हा दुकानदार वर बघतो. चौदा फूट उंचीच्या गाळ्यातली वरची सात फूट हवा रिकामी पडली आहे, तिचेही भाडे आपण भरतोच आहोत, हा त्याचा हिशेब चुकीचा नाही.

मुस्लिम समाजाला हा हिशेब जास्त करावा लागतो. सच्चर समितीने 2006 साली दाखवून दिले होते की, काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात आहेत, तर हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे 55 टक्के आहे. नोकरी नाही म्हणून धंदा, आणि भांडवल नाही म्हणून छोटा धंदा. टेलरिंग, बेकरी, गाद्या-रजया, फर्निचर, भंगार, गॅरेज, बांगड्या. या सगळ्या धंद्यांना कच्चा माल ठेवायला जागा लागते आणि तो बहुतेक माल पटकन पेट घेणारा असतो. कापूस, कापड, फोम, लाकूड, थिनर, तेल, मैदा. म्हणून पोटमाळ्याचा प्रश्न साऱ्या बाजाराचा असला तरी आपल्या मोहल्ल्यात तो अधिक जवळचा आहे.

माळा आणि पोटमाळा

बांधकामाच्या नियमांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना आपण त्यांची गल्लत करतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दोन मजल्यांच्या मधली, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची आणि केवळ साठवणुकीसाठी केलेली जागा म्हणजे माळा. तिथे माणूस वाकून जातो, सामान ठेवतो आणि खाली उतरतो. पोटमाळा म्हणजे माणसाने उभे राहून वापरायचा अर्धा मजला. त्याची उंची किमान 2.2 मीटर, म्हणजे सव्वासात फूट असावी लागते. त्याचे एकूण क्षेत्र जोत्याच्या क्षेत्राच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावे असे संहिता सांगते. राहण्यासाठी वापरायचा असेल तर किमान साडेनऊ चौरस मीटर जागा आणि खोलीला लागतो तेवढा उजेड-वारा हवा. तिथे स्वयंपाक करायचा नाही. आणि तो चारही बाजूंनी बंद करून हवा न खेळणारी कोंडी खोली बनवायची नाही.

आता साधे गणित करा. खाली सव्वासात फूट, वर सव्वासात फूट आणि मधल्या गर्डर-फळीची सहा इंच जाडी. गाळा पंधरा फूट उंच असेल तरच खाली आणि वर दोन्हीकडे माणूस सरळ उभा राहू शकतो. आपल्याकडचे बहुतेक गाळे दहा ते बारा फुटांचे. म्हणजे तिथे जे बांधले जाते तो नियमाने माळा आहे, सामानाची जागा आहे. तरीही तिथे मशीन लागते, पंखा लागतो आणि रात्री गादी पडते. माणूस उभा राहू शकत नाही अशा जागेत तो दिवसाचे दहा तास काम करतो आणि रात्रीचे सहा तास झोपतो.

एक तृतीयांशाची अट उगाच नाही. पोटमाळ्याने दुकानाचा थोडाच भाग झाकला तर बाकी भाग वरपर्यंत मोकळा राहतो. वरचा माणूस खाली बघू शकतो, हाक मारू शकतो, आणि खाली काही जळू लागले तर त्याला ते आधी दिसते. पुढून मागून सगळा गाळा झाकून टाकला की वरच्या माणसाला खालचे काहीच कळत नाही.

महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून बहुतेक शहरांसाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि आपल्या नगर परिषदा तिच्याखाली येतात. काम घराच्या आत आहे, बाहेरून दिसत नाही, म्हणून परवानगी लागत नाही, असा समज बाजारात पक्का बसला आहे. वापराचे क्षेत्रफळ वाढते आणि इमारतीवर नवा भार येतो, तेव्हा नकाशा मंजूर करून घेणेच योग्य. परवाना असलेल्या इंजिनिअरकडून नकाशा करून नगर परिषदेच्या नगररचना विभागात आधी विचारावे आणि मग वेल्डरला बोलवावे. आपल्याकडे क्रम उलटा आहे. वेल्डर आधी येतो, इंजिनिअर कधीच येत नाही.

भाराचा हिशेब

वेल्डर लोखंड जोडण्यात तरबेज असतो, पण भार मोजणे त्याचे काम नाही. इमारतींवरील भाराबद्दलच्या भारतीय मानकात घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो, किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी 400 किलो आणि साठवणुकीच्या जागेसाठी किमान 750 किलो भार धरायला सांगितले आहे. माल जितका उंच रचाल तितका हा आकडा आणखी वाढतो.

दहा बाय दहा फुटांचा पोटमाळा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. घराच्या हिशेबाने तो सुमारे दोन टन पेलेल असा बांधला जातो. गोडाऊनच्या हिशेबाने तोच सात टनांसाठी बांधायला हवा. पन्नास किलोची चाळीस पोती चढवली की दोन टन झाले. सणाच्या आधी, लग्नसराईच्या आधी किंवा भाव वाढणार असे ऐकले की आपण किती पोती चढवतो? कापडाचे ठाण आणि पितळेची भांडी दिसतात त्यापेक्षा फार जड असतात.

त्यात गर्डरची टोके कुठे टेकवली आहेत हे बघा. जुन्या बाजारात दोन दुकानांमधली भिंत बऱ्याचदा सामाईक आणि अर्ध्या विटेची असते. अलीकडच्या दुकानदाराने एका बाजूने भोक पाडून गर्डर घुसवला, पलीकडच्याने दुसऱ्या बाजूने घुसवला, आणि भिंत दोघांचे ओझे घेऊन उभी आहे. एकाचा पोटमाळा कोसळला तर दुसऱ्याची भिंतही जाईल. गर्डर भिंतीत घुसवण्यापेक्षा जमिनीपासून उभ्या केलेल्या स्वतंत्र खांबांवर ठेवणे सुरक्षित, आणि खांबाखाली पाया हवा. खर्च थोडा वाढतो. दुकानातल्या मालाच्या किमतीशी तो खर्च ताडून पाहा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लोखंड जळत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण साधारण 550 अंश सेल्सिअसला पोलादाची निम्मी ताकद निघून जाते, आणि कापड-फोम पेटलेल्या बंद दुकानात तेवढे तापमान चढायला वेळ लागत नाही. म्हणून आगीत पोटमाळे जळून जाण्याआधीच वाकून खाली येतात.

शटरच्या आड

पुण्यातल्या कोंढव्यात 30 डिसेंबर 2016 च्या पहाटे एका बेकरीला आग लागली. आत पोटमाळ्यावर सहा कामगार झोपले होते, उत्तर प्रदेशातून रोजीसाठी आलेले, सगळे तरुण. शटरला बाहेरून कुलूप होते. सहाही जण गेले.

वर्षभराने, 18 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका फरसाणच्या गाळ्याला पहाटे चारच्या सुमारास आग लागली. कामगार आतच झोपत. पोटमाळा कोसळला आणि 12 कामगार मृत्युमुखी पडले. दिल्लीच्या अनाज मंडीत 8 डिसेंबर 2019 रोजी एका इमारतीतल्या कारखान्यांना आग लागून 43 जण गेले. त्यांतले बहुतेक बिहारमधून आलेले मजूर होते आणि कामाच्या जागीच झोपले होते. पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात 30 ऑगस्ट 2023 रोजी हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागून दुकानातच राहणारे आई, वडील आणि त्यांची दोन मुले दगावली. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात 3 एप्रिल 2024 च्या पहाटे खालच्या टेलरिंगच्या दुकानात आग लागली आणि वर राहणारे एकाच मुस्लिम कुटुंबातले सात जण गुदमरून गेले.

या घटना एकाखाली एक लिहून काढल्या की काही गोष्टी आपोआप दिसतात. वेळ जवळजवळ प्रत्येक वेळी पहाटेची आहे. माणसे झोपेत होती. बाहेर पडायला एकच वाट होती आणि ती आगीतून जात होती किंवा बंद होती. मरणारे एक तर परगावचे कामगार आहेत किंवा ज्याला वेगळे घर परवडत नाही असे दुकानदाराचे कुटुंब. कोंढव्याच्या त्या सहा जणांत आणि आपल्या बाजारातल्या बेकरीत काम करणाऱ्या पोराच्या आयुष्यात फरक फक्त शहराच्या नावाचा आहे.

आपल्याकडे रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काय होते ते आठवा. ईदचे कपडे द्यायचे असतात. टेलरच्या दुकानात सहरीपर्यंत मशीन चालतात आणि मग कारागीर तिथेच, कापडाच्या कापलेल्या तुकड्यांवर अंग टाकतात. इस्त्री गरम असते, एकाच बोर्डवर चार वायरी लोंबत असतात, आणि कोणी आत येऊ नये म्हणून शटर खाली ओढलेले असते. दिवाळीच्या आधी मिठाईच्या दुकानांत आणि लग्नसराईत गाद्यांच्या कारखान्यांत हेच चालते. धर्म बदलतो, शटर तेच असते.

धूर आधी वर जातो

माणूस आगीने जळून मरतो असे आपल्याला वाटते. बंद जागेतल्या आगीत बहुतेक माणसे ज्वाळा पोहोचण्याच्या आधीच धुराने मरतात. भंडाऱ्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. तेव्हा जाहीर झालेल्या माहितीप्रमाणे त्यांतली तीन भाजून आणि सात गुदमरून गेली. सारा देश त्या दिवशी भंडाऱ्याकडे बघत होता. इमारतींची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. पण त्या रात्रीचा धडा आपण केवळ दवाखान्यांपुरता घेतला.

गरम धूर हलका असतो, तो सरळ छताकडे जातो आणि तिथून खाली उतरू लागतो. बारा फुटांच्या गाळ्यात खाली काही पेटले तर सर्वांत आधी धुराने भरते ती छताखालची जागा, म्हणजे पोटमाळा. खाली फरशीवर झोपलेल्याला खोकला येऊन जाग येण्याची आशा असते. वर झोपलेला झोपेतच बेशुद्ध होतो. जागा झालाच तर त्याला अंधारात त्या उभ्या शिडीवरून, धुरातून, आगीच्याच दिशेने खाली उतरावे लागते आणि मग शटर. म्हणून गाळ्यात झोपण्यासाठी सर्वांत वाईट जागा कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर पोटमाळा हेच आहे.

आपल्या भागात यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत पारा 45 च्या आसपास जातो. कितीतरी गाळ्यांवर पत्र्याचे छप्पर आहे आणि पोटमाळा त्या पत्र्याला लागून. तिथे झोपायचे तर पंखा किंवा कूलर हवाच. त्यासाठी खालच्या बोर्डातून वायर ओढली जाते. मूळ वायरिंग दोन ट्यूबलाइट आणि एका पंख्यासाठी केलेले. त्याच्यावर मशीन, इस्त्री, फ्रीज, कूलर, मोबाइलचे चार्जर आणि आता बॅटरीची स्कूटरही. वायर तापते, तिच्यावरचे प्लास्टिक मऊ पडते, आणि एका पहाटे ठिणगी पडते. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘शॉर्ट सर्किट’ एवढेच छापून येते, जणू ते आभाळातून पडले.

तीन सबबी

या विषयावर दुकानदारांशी बोलले की तीन उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर चोरीचे. दुकानात माणूस झोपला नाही तर माल जाईल. चोरीची भीती खरी आहे. पण ज्याला बाहेरून कुलूप घालून आत ठेवले आहे तो राखणदार कसा? चोर आला तर तो बाहेर येऊ शकत नाही आणि आग लागली तरी येऊ शकत नाही. चोरीसाठी दुकानाचा विमा आहे, कॅमेरा आहे, दहा दुकानांनी मिळून ठेवलेला रात्रीचा चौकीदार आहे. माल चोरीला गेला तर पुन्हा भरता येतो.

दुसरे उत्तर पैशाचे. कामगाराला खोली घेऊन देणे परवडत नाही. एकट्याला परवडत नसेल, दहा जणांना परवडते. समजा एका साध्या खोलीचे भाडे महिना 4,000 रुपये आहे आणि दहा दुकानदारांनी ते वाटून घेतले. प्रत्येकाच्या वाट्याला 400 रुपये येतात, दिवसाला तेरा-चौदा रुपये. एवढे तर आपण गिऱ्हाईकाला चहा पाजण्यात घालवतो. शिवाय मुळात विचार करा. परगावच्या पोराला आपण पगार ठरवताना ‘राहणे-खाणे आमच्याकडे’ असे सांगतो. म्हणजे राहण्याची जागा हा त्याच्या मजुरीचा भाग आहे. त्या जागेच्या नावावर पोटमाळा देणे म्हणजे मजुरीतला एक हिस्सा बुडवणे आहे.

तिसरे उत्तर तकदीरचे. मौत लिहिली असेल तिथे येईल, वीस वर्षांत काही झाले नाही. या उत्तराला दीनचा आधार आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हदीसचे संग्रह उघडून बघावेत. रात्री झोपताना घरात आग जळती ठेवू नये ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कठडा नसलेल्या छतावर झोपणाऱ्याबद्दल कडक इशारा अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा ही शिकवण तर शाळकरी पोरालाही पाठ असते. आणि हाताखालच्या माणसाला आपण खातो ते खाऊ घालावे, आपण नेसतो ते नेसवावे, असे जिथे सांगितले आहे तिथे झोपण्याच्या जागेचा नियम वेगळा कसा असेल? स्वतःच्या मुलाला ज्या शिडीवरून वर पाठवून आपण बाहेरून कुलूप लावणार नाही, तिथे दुसऱ्याच्या मुलाला पाठवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

गाळा जमातीचा असेल तर

आता थोडे अवघड बोलतो. आपल्या शहरांत मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानांच्या मालकीचे गाळे असतात. त्यांच्या भाड्यातून इमामसाहेबांचा पगार, वीजबिल आणि मदरशाचा खर्च निघतो. गाळा कमिटीचा, दुकान भाडेकरूचा आणि पोटमाळा भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने टाकलेला. काही घडले तर कमिटी म्हणते आम्हाला माहीत नव्हते आणि भाडेकरू म्हणतो कमिटीने कधी हरकत घेतली नाही.

2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम अशी पळवाट ठेवत नाही. आग रोखण्याची साधने बसवणे आणि ती चालू ठेवणे ही जबाबदारी तो इमारतीच्या मालकावर किंवा तिचा ताबा असणाऱ्यावर टाकतो. ती साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यायला सांगतो. मालक म्हणून कमिटीचे नाव कागदावर आहे. कायद्याचे जाऊ द्या, ज्या वास्तूच्या भाड्यावर नमाजची जागा चालते तिच्या पोटात कोणी रात्री कोंडलेला नसावा, हे बघण्यासाठी कायदा कशाला हवा?

कमिटीच्या हातात साधे उपाय आहेत. भाडेकराराचे नूतनीकरण होताना दोन अटी लिहून घ्याव्यात. पोटमाळा टाकण्याआधी कमिटीची आणि नगर परिषदेची लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा दाखला लागेल. रात्री गाळ्यात कोणी झोपणार नाही. त्याचबरोबर कमिटीने पर्यायही द्यावा. मशिदीच्या आवारात एखादी खोली, जुना मुसाफिरखाना, रात्री रिकामा पडणारा मदरशाचा हॉल कारागिरांना झोपायला उघडून देता येईल. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी तरी हे या वर्षीच सुरू करता येईल. मुसाफिरासाठी जागा वक्फ करण्याची आपली जुनी रीत आहे. आजचा मुसाफिर म्हणजे आपल्याच बाजारात काम करणारा बिजनौरचा, दरभंग्याचा किंवा लाखांदूरच्या खेड्यातला पोरगा.

परवानगीची भीती

एक शंका मी गंभीरपणे घेतो, कारण ती आपल्या लोकांच्या मनात खोल आहे. नगर परिषदेत परवानगी मागायला गेलो तर उलट नजरेत येऊ, नोटीस येईल, उद्या बुलडोझर येईल. गेल्या काही वर्षांत देशात जे घडले ते पाहता ही भीती कोणी हसून उडवू नये. पण या भीतीवर उपाय कागद लपवणे हा नाही. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाच्या निकालात स्पष्ट केले की, बांधकाम पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागेल. ही ढाल ज्याच्याकडे मंजूर नकाशा आहे त्याला जास्त उपयोगी पडते. विनापरवाना पोटमाळा हा दुकानदाराच्या गळ्यातला दोर आहे, आणि त्याचे टोक आपण स्वतःच दुसऱ्याच्या हातात देतो.

नगर परिषदांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. छोट्या दुकानदाराला पोटमाळ्याचा नकाशा मंजूर करून घेणे सोपे आणि स्वस्त असले पाहिजे. दहा बाय बाराच्या गाळ्यासाठी महिनोन्महिने फेऱ्या आणि फीच्या नावाखाली भलता खर्च असेल तर लोक वेल्डरकडेच जाणार. भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोलीच्या नगर परिषदांनी बाजारात एक दिवस शिबिर घ्यावे, इंजिनिअर आणि अग्निशमनचा माणूस बसवावा, गाळे तपासावेत, काय दुरुस्त करायचे ते लिहून द्यावे आणि त्यासाठी मुदत द्यावी. पहिल्याच दिवशी दंड ठोकला तर दुसऱ्या दिवशी सगळी शटर बंद होतील आणि पोटमाळे आहेत तिथेच राहतील. ‘इथे झोपायला मनाई’ अशी पाटी लावणारा अधिकारी कामगाराने झोपायचे कुठे, याचेही उत्तर घेऊन आला पाहिजे.

आधी काय करावे

हे वाचणारा दुकानदार असेल, गाळ्याचा मालक असेल किंवा कमिटीचा सदस्य, त्याने खालच्या गोष्टी क्रमाने करून घ्याव्यात.

1. आज रात्रीपासून शटरला बाहेरून कुलूप लावायचे असेल तर आत माणूस नसावा. खोलीची सोय होईपर्यंत कोणाला दुकानात राहावेच लागले तर त्याने खाली दाराजवळ झोपावे आणि कुलूप आतून उघडणारे असावे.

2. मेन स्विच दुकान बंद करताना खाली ओढावा. फ्रीजसाठी वेगळी लाइन घ्यावी. इलेक्ट्रिशियनकडून भार तपासून योग्य जाडीची वायर, एमसीबी आणि विजेची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा.

3. पोटमाळ्यावर चूल, गॅस, थिनर, पेट्रोल यांतले काही ठेवू नये. बॅटरीची स्कूटर दुकानात, विशेषतः जिन्याच्या वाटेत, रात्रभर चार्जिंगला लावू नये.

4. उभ्या शिडीऐवजी पायऱ्या असलेला लोखंडी जिना आणि कठडा करावा. पोटमाळ्याची पुढची बाजू मोकळी ठेवावी. शक्य असेल तिथे मागच्या भिंतीला दुसरी वाट काढावी.

5. पोटमाळ्यावर किती किलो माल चालेल, हे इंजिनिअरकडून लिहून घेऊन जिन्याजवळ रंगाने लिहावे. हमालाला ते दिसले पाहिजे.

6. एक अग्निशामक सिलिंडर आणि बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म घ्यावा. सिलिंडर कसा वापरायचा हे दुकानातल्या प्रत्येक कामगाराला करून दाखवावे.

यातल्या पहिल्या गोष्टीला आणि मेन स्विच खाली ओढण्याला जवळजवळ खर्च नाही, थोडी सवय बदलावी लागते. बाकीच्यांना खर्च येईल.

बरकत म्हणजे गल्ल्यातली रक्कम वाढणे एवढेच आपण धरून चाललो आहोत. ज्याच्या हातच्या शिलाईवर आपल्या दुकानाचे नाव चालते, ज्याने पहाटे चारला भट्टी पेटवली म्हणून मोहल्ल्याला सातला पाव मिळतो, तो रोज सकाळी सलामत उठला पाहिजे. ईदच्या दिवशी आपण नवे कपडे घालून गळाभेट घेतो तेव्हा ते शिवणारा कारागीरही सफेत उभा असला पाहिजे. त्याच्यासाठी एक खोली शोधा. पोटमाळा सामानासाठी ठेवा.